मिरजेचा तानपुरा: लॉकडाऊनमध्ये घेतला, अजून वाजतोय

आधी निकाल सांगतो, मग हकिगत. नव्याने गाणं शिकणाऱ्या, नोकरी-संसार सांभाळून संध्याकाळी तासभर काढणाऱ्या माणसाने स्वतःचा तानपुरा घ्यावा का? घ्यावा. मोबाईलमध्ये फुकट तानपुरा मिळत असताना एवढे पैसे घालावेत का? घालावेत, पण घरात तो उभा राहील एवढा कोपरा आणि तो रोज लावायची चिकाटी, दोन्ही असेल तरच. नाहीतर भिंतीला टेकलेली ती पाच फुटी शोभेची वस्तू होते आणि पाहुणे विचारतात, "वीणा का हो ही?"

माझा तानपुरा पुरुषी, म्हणजे पुरुषाच्या आवाजाला जुळणारा, चार तारांचा, तून लाकडाचा. काळी एक या पट्टीला लावतो. जून 2020 च्या अखेरीस मिरजेच्या शनिवार पेठेतल्या सतारमेकर गल्लीतून घेतला. कापडी गवसणीसकट बावीस हजार पडले. आज भाव वाढलेले असणार. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे थोडी तक्रारही आहे. शिवाय त्या गल्लीत एकाच वाद्यावर चार घरांचे हात फिरतात. भोपळा एकाने कापलेला, नक्षी दुसऱ्याची, जवारी (आवाज खुलवणारी घोडीची घासणी, तिच्याबद्दल पुढे सांगतो) तिसऱ्याची. एकाच घराला श्रेय किंवा दोष देण्यात अर्थ नाही.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी आहे. हळदीचा हंगाम म्हणजे फेब्रुवारी ते मे, आम्हाला जेवायला फुरसत नसते. 2020 ला ऐन हंगामात, वर मार्चअखेरची खाती मिटवायची असताना सगळं ठप्प झालं. त्याच आठवड्यात इस्लामपूरच्या कोरोना रुग्णांच्या बातम्या यायला लागल्या आणि सांगली जिल्ह्याचं नाव रोज टीव्हीवर. जेमतेम सात-आठ महिन्यांपूर्वी महापुरात आमच्या घरात पाणी येऊन गेलं होतं. आम्ही मारुती चौकाच्या बाजूला राहतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती तेव्हाची ओल भिंतीतून अजून पुरती गेली नव्हती, आणि वर हे.

त्या दिवसांत सगळेच काही ना काही करत होते. कुकरमध्ये केक झाले, घरोघरी पाणीपुरी झाली. आमच्या शेजाऱ्यांनी पुढे पहिली संधी मिळताच ट्रेडमिल आणली, तिच्यावर आता टॉवेल वाळतात. नात्यातल्या ग्रुपवर एक मावसभाऊ रोज सकाळी सहाला सकारात्मक विचार टाकायचा, सूर्योदयाच्या फोटोवर. त्याचा हेतू चांगला, पण खरं सांगतो, ते वाचून मला अंथरुणातून उठावंसं कधी वाटलं नाही. उठायला काहीतरी काम लागतं, आणि ते न केल्याचं कुणालातरी कळावं लागतं.

माझं काम आधीच अर्धवट पडलेलं होतं. विश्रामबागला एका बाईंकडे मी गाणं शिकायला जात होतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्यायच्या, पन्नाशीच्या आत निदान प्रवेशिकेपर्यंत जायचं, असं मनाशी धरलेलं. या मंडळाचं कार्यालय आमच्या मिरजेत, तेव्हा घरच्याच मैदानात नापास होण्याची भीतीही होती. क्लास बंद झाला तसं वाटलं, संपलं. पण आठवडाभरात बाईंनी झूमवर वर्ग सुरू केला. आम्ही सात-आठ जण. चाळीस मिनिटं झाली की फुकटची मीटिंग बंद पडायची, बाई अर्ध्या तानेत असल्या तरी.

तानपुरा घेण्याची गरज नेमकी तिथे कळली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ऑनलाइन वर्गात गुरू आणि शिष्य बरोबर गाऊच शकत नाहीत. आवाज पोहोचायला क्षणभर उशीर होतो. बाई सा लावणार, मी ऐकून सा लावणार, तोपर्यंत त्या रे वर गेलेल्या. एकत्र सूर धरायची सोयच नाही. त्यात आणखी एक गंमत. त्या प्रोग्रामला पंख्याची घरघर, मिक्सरचा आवाज असं सलग चालणारं काही ऐकू आलं की तो गोंगाट समजून गाळून टाकतो. तानपुरा हा तर सलगच चालणारा आवाज! बाईंचा तानपुरा सुरुवातीला दोन सेकंद ऐकू यायचा आणि मग पाण्यात बुडाल्यासारखा नाहीसा. 'ओरिजिनल साउंड' नावाची एक सेटिंग चालू केली की तो टिकतो, हे आमच्यातल्या एका इंजिनिअरिंगच्या मुलीने शोधून काढलं. तरी बाई म्हणाल्या, "दिवाणजी, माझ्या तानपुऱ्यावर किती दिवस गाणार? तुमच्या खोलीत तुमचा सूर असायला हवा."

मग मोबाईलवरचा तानपुरा आला. त्याला नावं ठेवणार नाही. पट्टी पाहिजे ती मिळते, फुकट आहे, प्रवासात मी अजूनही तोच वापरतो. पण मोबाईल म्हणजे त्याच काळातली सगळी कटकट. भूप रागाचे आलाप चालू असताना वरून बातमीची पट्टी सरकायची, 'आज जिल्ह्यात इतके नवे रुग्ण', की गेलं लक्ष. शिवाय तो कधी बेसूर होतच नाही. तुम्ही बटण दाबलं की तो तयार, मग तुम्ही तयार असा वा नसा.

जूनमध्ये येणं-जाणं जरा मोकळं झालं तशी स्कूटर काढून मिरजेला गेलो. सांगलीकराला मिरज म्हणजे हाकेच्या अंतरावर, महापालिकाही एकच, पण त्या दिवसांत परगावी निघाल्यासारखा सॅनिटायझर, मास्क, पाण्याची बाटली घेऊन गेलो होतो. मिरजेचं मोठं सरकारी रुग्णालय कोविडचं केलेलं, त्यामुळे बायकोने, "दवाखान्याच्या रस्त्याने जाऊ नका," असं दोनदा बजावलं होतं.

सतारमेकर गल्ली एरवी कानांनी ओळखू येते. कुठून कानस घासल्याचा आवाज, कुठून कुणी तार छेडून बघतंय. त्या दिवशी अर्धी दारं ओढलेली. मी ज्यांच्याकडे गेलो ते चाचा सत्तरीला आलेले, उंबऱ्याच्या आत बसून भोपळ्याला घासायचा कागद मारत होते. जाहीर कार्यक्रम सगळे बंद, क्लास बंद, बाहेरच्या देशांतल्या मागण्या थांबलेल्या. मुंबई-पुण्याच्या दुकानांना जाणारा माल तयार होऊन आत उभा होता. "बघा साहेब, पहिल्यांदाच गिऱ्हाईकाला एवढे निवडायला मिळतायत," असं म्हणाले आणि स्वतःच हसले. मला हसता आलं नाही.

निवडताना त्यांनी जे दाखवलं ते घेणाऱ्याच्या उपयोगाचं आहे. भोपळा कडू जातीचा, खायचा नव्हे. तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतो आणि वेलीवरच पुरता पिकून मग वाळावा लागतो. चाचांनी टिचकी मारून दोन भोपळे ऐकवले. कच्चा वाळवलेला भद्द वाजतो, नीट वाळलेला खणखणतो. मग दांडी डोळ्यासमोर धरून बंदुकीसारखी नेम धरून बघायला लावली, बाक आहे का म्हणून. तबलीचं, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेल्या फळीचं, लाकूड कुठे दाबलं जातंय का, हे अंगठ्याने पाहायला लावलं. नक्षीकडे मी बघतोय हे पाहून म्हणाले, "फुलं नंतर बघा. ती वाजत नाहीत." शेवटी साधी किनार असलेला घेतला. नक्षीवाल्यात आणि त्यात पाच-सहा हजारांचा फरक होता.

या गल्लीची हकिगत बहुतेकांना ऐकून माहीत असते. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथे वाद्यं करायला सुरुवात केली, मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी आसरा दिला. पुढे किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. ते स्वतः वाद्यांच्या दुरुस्तीत पटाईत. 1937 ला ते गेले, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाचं आम्हा हळदवाल्यांना कौतुक नवं नाही, सांगलीच्या हळदीला ते 2018 लाच मिळालंय. त्याने कारागिराच्या हातात रुपया किती जास्त पडतो, हे बघायला दिवाणजीच लागेल.

आता वाद्याकडे येतो.

आवाजाला मी पैकीच्या पैकी गुण देतो. पहिली तार पंचमाची, मधल्या दोन पोलादी जोडीच्या, सा च्या, शेवटची पितळेची, खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची. पंचमावर मधलं बोट, बाकी तिघींवर तर्जनी. हे सगळं पुस्तकात असतं. पुस्तकात वाचून पटत नाही ती गोष्ट म्हणजे गंधार, म्हणजे ग. चार तारांत गंधाराची तार नाहीच, पण खर्ज नीट लागला आणि जवारी खुललेली असली की त्याच्या पोटातून गंधार आपोआप ऐकू येतो. बाई वर्गात सांगायच्या तेव्हा मी मान हलवायचो, ऐकू काही यायचं नाही. घरी एकदा रात्री लाईट गेली, पंखा बंद, रस्त्यावर संचारबंदीमुळे चिटपाखरू नाही. खर्ज छेडला आणि वरून कुणीतरी बारीक ग म्हणाल्यासारखा आला. मी बायकोला हाक मारली. ती कणकेच्या हातांनी आली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "हो की! पण हा तुमच्यापेक्षा सुरात आहे."

जवारी म्हणजे काय, तेही थोडक्यात. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट नसतो, अगदी हलका उतार देऊन घासलेला असतो. त्या उतारावर तार टेकते-न टेकते अशी राहते आणि तिच्याखाली सुताचा एक बारीक दोरा सरकवतात. दोरा केसभर पुढे-मागे केला की आवाज बंद-उघडा होतो. कानाला जे गुंजन लागतं ते तिथे जन्मतं. चाचांनी माझी घोडी डोळ्यांदेखत घासून दिली. दोन वेळा कानस, तारा चढवल्या, ऐकलं, उतरवल्या, पुन्हा एकदा कानस. घाई नाही, बोलणं नाही. त्या कामाचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

हा तानपुरा लावायला सुरुवातीला मला पाऊण तास लागायचा. खुंटी पिळायची, ढोबळ सूर आणायचा, मग तारांत खाली ओवलेले मणी सरकवून बारीक मिळवायचा. जोडीच्या दोन तारा एकजीव होईपर्यंत त्यांच्यात एक लाट ऐकू येते, वँव-वँव अशी. लाट सावकाश होत होत थांबली की लागला. मोबाईलवर सूर दाखवणारी ॲप आहेत, पण त्यांच्या काट्याकडे बघत बसलं की कान आळशी होतो. मी ती काढून टाकली. लॉकडाऊनच्या त्या वर्षात मला सगळ्यात जास्त उपयोग गाण्याचा नाही, या लावण्याचा झाला. डोक्यात काहीही चालू असो, दुकानाचा पगार अर्धा, उधारी अडकलेली, आईचं बीपी, ती लाट ऐकायची असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवावंच लागतं. मन शांत करा असं सांगून ते होत नाही. तार मिळवा म्हटलं की निदान हाताला काम मिळतं. आणि सलग दोन दिवस हात लावला नाही तर तिसऱ्या दिवशी तो इतका उतरलेला असतो की घरातल्या सगळ्यांना कळतं, तुमचा खाडा झालाय.

2021 च्या एप्रिल-मे मध्ये मेहुणा मिरजेला दवाखान्यात होता, ऑक्सिजनवर. कुणाला भेटायला सोडत नव्हते. फोनची वाट बघायची, एवढंच. त्या दिवसांत मी गायचं थांबवलं होतं, बरं दिसत नाही म्हणून. तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळी बायकोच म्हणाली, "गाऊ नका, पण तो वाजवा. घर फार गप्प झालंय." मग रोज दिवेलागणीला नुसता तानपुरा. मेहुणा बरा होऊन आला, अजून जिना चढताना दमतो.

आता तक्रारी. पहिली, गवसणी. शिवण कच्ची, चेन महिनाभरात गेली. बावीस हजारांच्या वस्तूला असली गवसणी देऊ नये. मी हरभट रोडवर एकाकडून जाड कापडाची, आतून अस्तर लावून नवीन शिवून घेतली. दुसरी, खुंटी. जोडीच्या दुसऱ्या तारेची खुंटी पहिल्या उन्हाळ्यात सारखी सुटायची. लावून हात काढला की सुर्रकन खाली. खडू घासला की काही दिवस धरायची. शेवटी दुकानात नेली, तिथे ती बदलून मिळाली, पण, "उद्या या," चे तीन आठवडे झाले. चाचांचा मुलगा गोड बोलतो, तारीख मात्र पाळत नाही. वाद्य त्यांच्याकडे तीन आठवडे आणि माझी परीक्षा तोंडावर. मी फोनवर थोडा चढलो, तोही चढला. नंतर चहा झाला. तरी सेवेला मी पाचपैकी तीनच देतो. काम चोख, वेळेच्या नावाने शंख. परीक्षा असेल, कार्यक्रम असेल तर दुरुस्तीला दोन महिने आधी टाका, आणि दुपारी चारनंतर जा, तेव्हा चाचा स्वतः असतात.

पावसाळा हा तानपुऱ्याचा वैरी. लाकूड फुगतं, उन्हाळ्यात सुटणाऱ्या खुंट्या आता जाम होतात. जोर लावला तर तार तुटते, एकदा तुटून मनगटाला फटकाही बसलाय. पोलादी तारा गंजतात. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने पुसायच्या, हे न चुकता. बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवायचा नाही. तारांचा एक जादा जोड घरात असू द्यावा, जर्मन तारेचा मागा, थोडी महाग पण आवाजात फरक कळतो. वर्ष-दीड वर्ष रोज वाजवलं की घोडीवर तारांच्या चऱ्या पडतात, आवाज चरचरीत होतो. मग जवारी पुन्हा काढावी लागते. मागच्या वेळी पाचशे रुपये घेतले. हा खर्च धरूनच घ्या.

पुराचंही सांगितलं पाहिजे, सांगलीत वाद्य घेणाऱ्याने तो विचार करायलाच हवा. जुलै 2021 मध्ये पुन्हा पाणी आलं, पुलाजवळ 55 फुटांच्या आसपास. या वेळी आम्ही आधीच सावध होतो. धान्य, गादी, कागदपत्रं वर. तानपुरा माळ्यावर आडवा मावेना, दांडी बाहेर. शेवटी समोरच्यांच्या दुसऱ्या मजल्यावर नेला, मुलाने भोपळा पोटाशी धरून आणि मी दांडी धरून, गुडघाभर पाण्यातून. तारा सैल करून ठेवल्या होत्या, हे बाईंनी फोनवर सांगितलेलं. भोपळ्यात एकदा पाणी शिरलं की खेळ खलास, तो बदलायचा म्हणजे जवळजवळ नवं वाद्यच. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी घेण्याआधी माळा मोजावा, गंमत नाही सांगत.

कुणी म्हणेल, मग ती इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची डबी काय वाईट? अजिबात नाही. जागा नसेल, सारखं गावोगाव फिरणं असेल तर तीच घ्या, पाच-सहा हजारांत चांगली मिळते. सूर कधी उतरत नाही. लहान मुलांना तर सुरुवातीला तीच द्यावी. पण ज्याला मोठ्या वयात, आपलं आपण, कुणी मागे लागलेलं नसताना काहीतरी तडीला न्यायचंय, त्याला मी खरा तानपुराच सुचवीन. डबी बंद केली की संपलं. हा कोपऱ्यात उभा राहून दिसत राहतो.

परीक्षा पुढे दिल्या. प्रवेशिका पूर्ण झाली, पन्नाशी मात्र त्याआधीच उलटली होती. तोंडी परीक्षेला परीक्षकांनी तानपुरा लावायला सांगितला तेव्हा बरोबरची कॉलेजची मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मी तेवढ्या एका गोष्टीला घाबरलो नाही. गाताना घाबरलो, मार्कही तसेच पडले. आता मध्यमेचा अभ्यास चालू आहे. ताना गळ्यात बसत नाहीत, त्यात वाद्याचा काही दोष नाही.

तानपुरा ठेवायची फायबरची पेटी आठ हजारांची होती, मी घेतली नाही. आमचा तानपुरा घर आणि विश्रामबाग सोडून कुठे जात नाही, रिक्षात मांडीवर बसतो. रेल्वेने नेणार असाल तर पेटी घ्याच, आणि घेताना तिच्या कड्या स्वतः दहा वेळा उघडझाप करून बघा.